किती जण विश्वासात आले?

सातपुड्यातल्या मिशनच्या कामाविषयी बोलायला ख्रिस्ती मंडळ्यांमधून मला बोलावणं येतं. बोलून झाल्यावर, चहाच्या वेळी, एक प्रश्न हमखास येतो: "सिस्टर, तिकडे किती जण विश्वासात आले?" म्हणजे किती जण ख्रिस्ती झाले. विचारणारी माणसं भली असतात. मिशनच्या कामाला वर्षानुवर्षं मनापासून देणगी देणारी असतात. तरी हा प्रश्न मला बोचतो. का बोचतो, ते आज सविस्तर लिहिते.

मी मूळची नगरकडची. आजोबांपासून घरात उपासना, सकाळी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग. नर्सिंग झाल्यावर नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, धडगावच्याही पलीकडे, मिशनच्या एका लहान दवाखान्यात रुजू झाले आणि उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली.

अडचणी म्हटलं की लोकांना आधी रस्ता आठवतो. रस्ता अवघडच आहे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याकडून येणारा औषधांचा खोका खालीच अडकून बसतो. नाल्याला पूर आला की जीपवाला अलीकडे थांबतो आणि पलीकडची बाळंतीण बांबूला बांधलेल्या झोळीतून चार गड्यांच्या खांद्यावर येते. पण त्याहून नवख्या माणसाला चकवते ती वस्ती. मैदानातल्यासारखं गाव तिथे एका जागी नसतं. इथला पावरा आदिवासी माणूस आपल्या शेतात, डोंगराच्या सोंडेवर घर बांधतो. शेजाऱ्याचं घर समोरच्या सोंडेवर, मध्ये दरी. एका गावाचे सगळे पाडे पालथे घालायचे तर दिवस पुरत नाही. त्यात दिवाळी झाली की अर्धी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात ती होळीलाच परततात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला पहाटेच घरं रिकामी. सभा, शिबिर, लसीकरण, काहीही ठरवायचं ते त्यांच्या पंचांगाप्रमाणे.

टीबीच्या औषधांचं तर फारच अवघड. कोर्स सहा महिन्यांचा आणि माणूस मध्येच फडावर. आम्ही गोळ्या मोजून पुड्या बांधायचो, घरातल्या शिकलेल्या पोराकडे कागद द्यायचो, मुकादमाला फोन करून आठवण द्यायचो. एवढं करून रोगी बरा होत आलेला असतो, आणि एखाद्या दिवशी खालून एक गाडी येते. लाऊडस्पीकर, मोठा बॅनर, चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा. त्या लोकांचं नाव इथे घेत नाही. संध्याकाळी प्रार्थना झाली, कोणीतरी अशाच एका रोगी पोराला सांगितलं की आता विश्वास धर, गोळ्यांची गरज नाही. गाडी रात्रीच खाली उतरली. पोरगा पावसाळ्यात रक्त ओकत आमच्याकडे आला. मी प्रार्थनेवर जगणारी बाई आहे आणि म्हणूनच म्हणते, प्रभूच्या नावाने गोळी बंद करायला सांगणं हे पाप आहे. तसंच आधी प्रार्थनेला बस आणि मग औषध घे, असं सांगणंही पापच. आमच्या दवाखान्यात हा नियम पहिल्यापासून होता: केसपेपरवर धर्म लिहायचा नाही, आणि रोग्याने मागितल्याशिवाय खाटेजवळ प्रार्थना करायची नाही. काही पाहुण्यांना हे थंडपणाचं वाटायचं. मला ते सुवार्तेला धरूनच वाटतं. तापाने फणफणलेल्या लेकराची आई कशालाही हो म्हणेल. त्या हो ला काय अर्थ?

आता मूळ मुद्दा. तिकडे जो बाप्तिस्मा घेतो त्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती आपल्याला नगर-पुण्यात बसून कळत नाही. तो गावदेवाच्या पूजेची वर्गणी देत नाही, म्हणून गाव नाराज. पाऊस पडला नाही, गुरं मेली, की बोट त्याच्याकडे. होळी म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं पर्व; काठीची राजवाडी होळी पाहायला तर लांबलांबून लोक येतात. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, अंगावर राखेचे ठिपके, रात्रभर ढोल. आमच्या मंडळीतला एक तरुण पट्टीचा ढोलवाला होता. बाप्तिस्म्यानंतर पाळकांनी ढोल बंद करायला लावला. होळीच्या रात्री समोरच्या डोंगरावरून ढोल ऐकू यायचा, आणि हा अंगणात खाटेच्या कडेवर बोटं वाजवत बसायचा. मी पाळकांशी यावर भांडले. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, कीर्तन, टाळ सगळं ख्रिस्ताच्या पायाशी आणलं, म्हणून तर आपल्या उपासनेला मराठी मातीचा वास आहे. मग पावऱ्यांचा ढोल का नको? आपण तिथे पेटी घेऊन टिळकांचे अभंग शिकवतो, तेही त्यांना परकेच वाटतात. पुढे नाताळात ढोल वाजायला लागला, पण मधली वर्षं त्या पोराची वाया गेली.

मरणाच्या वेळी तर सगळंच उघडं पडतं. मंडळीतली एक म्हातारी आई पावसाळ्यात गेली. गावाने निरोप धाडला की गावच्या जागेत पुरायचं नाही. मोठा मुलगा विश्वासातला, धाकटा नाही. दोन दिवस बोलणी चालली, पोलीसपाटील येऊन गेले, मार्ग निघेना. शेवटी मोठ्याने आपल्याच मक्याच्या शेतात बांधाकडेला खड्डा खणायला घेतला. वरची माती ओली होती, हातभर खाली मुरूम लागला, कुदळ उडायची. थोड्या वेळाने धाकटा पहार घेऊन आला. तो गावाच्या बाजूने बोलला होता. कोणाशी काही न बोलता खड्ड्यात उतरला आणि पहारीने मुरूम फोडायला लागला. आई त्याचीही होती ना. पाळकांनी वचन वाचलं तेव्हा धाकटा बांधापलीकडे उभा राहिला, आणि माती लोटायला पुन्हा अलीकडे आला.

गावाचा राग मला कळतो, हेही लिहायला हवं. या लोकांची जमीन, जंगल सगळं बाहेरच्यांनी नेलं; नर्मदाकाठची गावं सरदार सरोवरात बुडाली. बाहेरून आलेला प्रत्येक जण काहीतरी घेऊन जातो हा त्यांचा अनुभव. आता देवही न्यायला आले, असं त्यांना वाटलं तर दोष कोणाला द्यायचा? त्यात हल्ली खालून डीलिस्टिंगची, म्हणजे धर्म बदललेल्यांना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढण्याची मागणी वर पोचली आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात नाही. म्हणजे धर्म बदलला म्हणून पावऱ्याचं आदिवासीपण आजच्या कायद्याने जात नाही. तरी दाखला जाईल ही भीती घराघरात शिरली आहे, आणि भावाभावांत त्यावरून बोलणं बंद झालं आहे.

म्हणून मला आकडा विचारलेला सोसत नाही. मोरेव्हियन या युरोपातल्या प्रोटेस्टंट मंडळीचे मिशनरी हायडे आणि पागेल १८५३ मध्ये तिबेटमार्गे मंगोलियाला निघाले होते. तिबेटची वाट बंद, तेव्हा रोहतांगपलीकडे, आजच्या हिमाचलातल्या लाहौलमध्ये केलांगला त्यांनी बस्तान मांडलं. पुढे पागेल किन्नौरमधल्या पू या गावी गेले आणि तिथेच वारले. हायडे चाळीसएक वर्षं केलांगलाच राहिले. विश्वासात आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. पण त्यांचे सहकारी येश्के यांनी तिबेटी भाषेचा कोश केला, तो १८८१ मध्ये निघाला. मारिया हायडे यांनी तिथल्या बायकांना विणकाम शिकवलं, आणि लाहौली मोजे आजही विणले जातात. चहाच्या वेळच्या प्रश्नाला हायडे पती-पत्नींनी काय उत्तर दिलं असतं?

आता पाड्यांवरच्या मुली नर्स होऊ लागल्या आहेत. त्यांना पावरी येते, कोणत्या घरात सिकलसेल आहे आणि कोणत्या बाईला डाकण म्हणून टाकलंय ते ठाऊक असतं, आणि दरड कोसळली तरी त्या वरच असतात. पण खालची नर्स वर पाठवायला मिशनला जितके पैसे सुचतात तितके या मुलींच्या पगाराला सुचत नाहीत. पुढच्या महिन्यात नाशिकला कामाची बैठक आहे. तिथे मी दोनच मागण्या ठेवणार आहे: या मुलींना पूर्ण पगार द्या, आणि स्थानिक मंडळीने बोलावल्याशिवाय लाऊडस्पीकरची कुठलीही गाडी आपल्या नावावर घाट चढवू नका. ज्यांना पटतं त्यांनी आपल्या पाळकांमार्फत बैठकीआधी तसं लिहून कळवा.