काखेतला कळसा

इस्त्री करताना मी बहुतेक वेळा ॲफ्रो केल्ट साउंड सिस्टिम हा आफ्रिकी नि आयरिश संगीत मिसळणारा बँड लावते. शब्द एकही कळत नाही, ही मोठीच सोय. गाणाऱ्याचं काय बिनसलंय याची चिंता नाही, त्यामुळे कॉलर नीट होते.

सायमन एमर्सन हा इंग्रज निर्माता सेनेगलचा गायक बाबा माल याच्याबरोबर काम करत होता. तिथली एक चाल त्याला थेट आयरिश वाटली आणि डोक्यात किडा शिरला. १९९६ मध्ये या मंडळींचा पहिला अल्बम आला. शेजारच्या आयर्लंडचे सूर ऐकू यायला सेनेगल गाठावं लागलं, म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसाच!

तसा या संगीतात काखेला खरोखरच मान आहे. आयरिश इलिअन पाइप्स, म्हणजे बॅगपाइपचाच एक प्रकार, तोंडाने फुंकत नाहीत; एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत हवेची पिशवी. सेनेगलचा तामा, म्हणजे डमरूच्या घाटाचा बोलका ढोल, तोही काखेत. त्याच्या दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. नुसत्या ढोलाने प्रश्न विचारल्यासारखं वाटतं. आयर्लंडच्या बौरान नावाच्या डफासारख्या वाद्यातही एक हात काठी चालवतो आणि दुसरा आतून कातडं दाबत सूर वाकवतो. डग्ग्यावर मनगट घासणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी गंमत तालात आहे. आयरिश जिग हा नाच सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग, आपल्या दादऱ्यासारखे. त्याच सहा मात्रा आफ्रिकी ढोलवाला दोन-दोनच्या तीन भागांत वाजवू शकतो. एकाच वेळेत एका हाताने दोन आणि दुसऱ्याने तीन ठोके टेबलावर मारून बघा. हात भांडायला लागतात. ते भांडण मिटवायचं नाही, त्यावरच नाचायचं.

मला खटकतात ते त्या काळचे इलेक्ट्रॉनिक ठेके. या बँडचा आयरिश गायक इअर्ला ओ लिओनार्ड, त्याची गायकी मुळात बिनसाथीची, श्वासाच्या लयीने जाणारी. तिच्याखाली यंत्र धडधडायला लागलं की हरकती चेंगरतात.

म्हणून हल्ली वेल्सची हार्पवादक कॅट्रिन फिंच आणि सेनेगलचा कोरावादक सेकू केटा जास्त ऐकते. २०१३ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये मुख्य कारभार हार्प आणि कोरा यांचाच. कोरा म्हणजे कातडं ताणलेला अर्धा भोपळा आणि विसाहून जास्त तारा. अंगठे खर्ज सांभाळतात, तर्जन्या वर नक्षी काढतात. हार्पला सत्तेचाळीस तारा. तरी कधी कधी कोण काय वाजवतंय ते ओळखूच येत नाही. कोरा एकदा जुळवला की गाणं संपेपर्यंत त्याच सुरावटीत राहतो. हार्पला मात्र सात पेडल, पायाने सूर बदलता येतात. तेव्हा जुळवून घ्यायची वेळ आली की पाय हलवायचे ते फिंचबाईंनी.