वन्समोअर

पावसाळा लागला की इंदूरला आत्याच्या रामबागेतल्या घरी रात्रीची बैठक जमते. सराफ्यातून भुट्ट्याचा कीस आणायचा, वरून लिंबू पिळायचं आणि टीव्ही लावायचा. यंदा मी शहाणपणा केला. शेक्सपिअरच्या नाटकावरचा केनेथ ब्रानाचा १९९६चा ‘हॅम्लेट’ चित्रपट लावला. मूळ नाटक न छाटता केलेला, चार तासांचा. संपायला तीन रात्री लागल्या.

इंग्रजी घेऊन एम.ए. झालेला मी एकटाच, म्हणून समजावून सांगायचा मान माझा. तो दहा मिनिटं टिकला. शब्द जुने आहेत हे खरंच, पण त्याहून अडचण वेगाची. एका उपमेची गाठ सुटेपर्यंत बोलणारा तीन उपमा पुढे गेलेला. शेवटी खाली अक्षरं लावली. मग डोळे खाली आणि नाटक वर! राजपुत्र आरशासमोर ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे प्रसिद्ध स्वगत म्हणतो, आरशामागे काका आणि मंत्री लपलेले. मी तेवढ्यात ‘बॉडकिन’पाशी अडलेलो.

“दाभण,” मी कोश बघून जाहीर केलं.

“दाभण कसलं? कट्यार उपसली की त्यानं!” आत्या म्हणाली. ती खालचं वाचतच नव्हती. वर म्हणते, “हे तर आपल्या बेलवलकरांचं.” शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ १९७०चा आणि हे चारशे वर्षांपूर्वीचं, हे सांगायचं मी टाळलं. अर्थ तिलाच लागला होता ना.

वृत्ताचाही धीर धरून पाहिला. शाळेत लघु-गुरू मोजलेत, त्यामुळे सोफ्याच्या हातावर ल-गा, ल-गा असं पाच वेळा वाजवून बघितलं. आपल्याकडे अक्षराची लांबी, त्यांच्याकडे आघात, एवढाच फरक. तर त्या जगप्रसिद्ध ओळीतच अकरावं अक्षर जास्तीचं निघालं! आणि कॅमेरा नाकाजवळ आला की नट कुजबुजतो, तेव्हा ताल कुठला नि काय कुठलं.

आत्याला मात्र याचं नवल नव्हतं. तिचे वडील संगीत नाटकांचे वेडे. ते म्हणायचे म्हणे, पद पहिल्यांदा ऐकायचं ते चालीसाठी, शब्द दुसऱ्या खेपेला. मला हे एकदम पटलं. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८०चं. तेव्हापासूनची ही नाटकं ऐकणाऱ्यांना पद एका दमात कुठे कळत असेल? म्हणून तर वन्समोअर. नट पुन्हा गायचा. पडद्यावरचा नट कुणासाठी थांबत नाही.

“रिमोट आहे ना!” आत्या म्हणाली आणि दुसऱ्या रात्रीपासून तो तिच्याच हाती. “वन्समोअर!” म्हणायचं आणि मागे न्यायचं. दुसऱ्या फेरीत खालची अक्षरं बंद. खरंच बरं कळायला लागलं, कीस मात्र गार झाला.

तिसऱ्या रात्री थडगं खणणाऱ्याचा प्रवेश आला. मला शब्दन् शब्द कळला, विनोदावर मी वेळेवर हसलो. छाती फुगवून आत्याकडे पाहिलं आणि मग आठवलं, हा प्रवेश गद्यात आहे.

“याला वन्समोअर नको,” आत्या म्हणाली. “लिंबू दे इकडे.”