तिसरं बटण आणि नगरपरिषदेची ड्युटी

मी शिक्षिका आहे. विधानसभेला मतदान अधिकारी म्हणून काम केलेलं असल्याने 2 डिसेंबर 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीसाठी केंद्राध्यक्ष, म्हणजे मतदान केंद्राची प्रमुख, म्हणून नेमणुकीचा आदेश आला तेव्हा फारशी धास्ती वाटली नाही. प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ कुठला नमुना कोणत्या पाकिटात जातो यातच गेला. केंद्रावर खरी कसोटी लागली ती तिसऱ्या बटणाची.

विधानसभेला एक बटण, एक बीप, की माणूस बाहेर. इथे नगराध्यक्ष थेट निवडायचा आणि प्रभागातून दोन नगरसेवक. म्हणजे आमच्या केंद्रावर प्रत्येकाची तीन मतं, आणि तिन्ही दिल्याशिवाय यंत्र काही शेवटची बीप देत नाही. सकाळी साडेसातला दार उघडलं आणि सुरुवातीलाच एक काका आपल्या माणसाचं बटण दाबून शाई लागलेलं बोट मिरवत दरवाज्यापर्यंत पोचले. तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याने हाक मारली, "काका, अजून दोन राहिलीत!" काका म्हणाले, "मला एकालाच द्यायचंय." मग त्यांना सांगितलं, बाकीच्या जागांवर कोणी पसंत नसेल तर 'नोटा' दाबा, पण दाबा. आम्ही आत जाऊन बटण दाखवायची सोय नाही, गुप्तता मोडते. म्हणून नमुना मतपत्रिका बाहेरच्या भिंतीवर लावली आणि एका सहकाऱ्याला एकच वाक्य दिलं: "तीन मतं द्या, लांब बीप ऐका, मग बाहेर या." दिवसभर तो तेच म्हणत राहिला. रांग सरकली ती त्या वाक्यामुळे. तरी अधूनमधून कोणीतरी विचारायचंच, "चिठ्ठी कुठं दिसते?" या निवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेलं ते चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र, नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी. विधानसभेला ते कंटाळून बसतात, इथे डोळ्यांत तेल घालून. यादीतलं नाव पुकारायच्या आत त्यांना माणूस कोण, कुठल्या गल्लीतला, लग्न होऊन कुठे गेलेला, हे माहीत. यादीत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे होते. असं नाव आलं की ओळखपत्र बारकाईने पाहायचं आणि दुसरीकडे मत दिलं नाही, देणार नाही असं लिहून घ्यायचं. एका ताईंना हा अपमान वाटला. "पंधरा वर्षं इथंच मत देतेय," म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं, पण तारे काही मी लावलेले नव्हते. सही घेतली, मत देऊ दिलं. एका प्रतिनिधीला हेही पटलं नाही. त्याला म्हटलं, आक्षेप घ्यायचा तर नियमाने घ्या. तो गप्प बसला.

दुपारी जेवणाच्या पाळीवर बदली आलेल्या प्रतिनिधीने बातमी आणली: उद्याची मतमोजणी नाही, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल 21 डिसेंबरला ठेवलाय. काही ठिकाणचं मतदान पुढे गेलं होतं, ते झाल्यावर सगळ्यांची मोजणी एकदम. खोलीतले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. गुलालाची ऑर्डर कोणी कोणी दिली होती ते तिथल्या तिथे कळलं.

साडेपाचला दार बंद करून रांगेतल्यांना चिठ्ठ्या दिल्या, शेवटच्या माणसापासून पुढे. मागून सुरुवात केली की नंतर कोणी घुसू शकत नाही; केंद्राध्यक्षाने ही एक गोष्ट विसरू नये. शेवटच्या मतानंतर 'क्लोज' दाबलं, यंत्रावरचा आकडा आणि नोंदवहीतल्या सह्या जुळल्या, हिशेबाची प्रत प्रतिनिधींना दिली.

मग सील लावताना नेहमी घाईत असणारे तेच प्रतिनिधी खाली वाकून सीलवरचा नंबर अंक अंक वाचून लिहून घेऊ लागले. त्यातल्या एकाने लिहिलेला नंबर मला दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, एकवीस तारखेला हाच दिसला पाहिजे."