वर किती जातं ते सोडा, खाली किती येतं ते विचारा

ऑफिसमध्ये मोटरवर वर-खाली होणारं टेबल मिळालंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘उभं राहून काम करतेस?’ अधूनमधून करते. पण मला टेबल हवं होतं ते खाली येण्यासाठी.

माझी उंची पाच फुटांच्या आत. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसची सगळी टेबलं ७५ सेंटिमीटरची. कीबोर्डवर हात ठेवले की खांदे कानाकडे चढायचे आणि खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळायचे. संध्याकाळी मेट्रोने घाटकोपरला येईपर्यंत मान इतकी धरलेली असायची की वर इंडिकेटरकडे बघणंही नको वाटायचं.

अ‍ॅडमिनच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, “मॅडम, डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्याने येता, इथेही उभंच राहायचंय?” हसले, पण मागणी टाळली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, मॅनेजरचा मेल आणि तीन कोटेशन्स आणायला सांगितलं.

चिठ्ठी आणि मेल लगेच मिळाले. कोटेशन्सनी मात्र डोकं खाल्लं. प्रत्येकात किती किलो वजन उचलतं, मेमरीची बटणं किती, हे ठळक. सर्वात कमी उंची किती, ते कुठेच नाही. फोन करून विचारलं की उत्तर, “नॉर्मल असते, मॅडम.” शेवटी कळलं ते असं: पायांच्या नळ्या एकात एक सरकतात. दोन टप्प्यांचे पाय साधारण ७० सेंटिमीटरच्या खाली येत नाहीत, वर फळीची जाडी वेगळीच. तीन टप्प्यांच्या पायात तुकडे आखूड असतात, त्यामुळे ते ६०-६२ पर्यंत मिटतात. अर्थात महाग. आणि आमच्याकडे सर्वात स्वस्त कोटेशन पास होतं.

मग मी पाय जमिनीला टेकवून, कोपर काटकोनात ठेवून बसले आणि मैत्रिणीकडून जमीन ते कोपर अंतर मोजून घेतलं. ६३ भरलं. मेलमध्ये एवढंच लिहिलं की टेबल ६५ च्या खाली येत नसेल तर स्वस्तातलं घेऊनही पैसे वायाच जातील. डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा या टेपचं वजन जास्त पडलं.

बिल्डिंगमध्ये सामान सातनंतरच, तेही सर्व्हिस लिफ्टने. फिटिंगवाल्या दादांनी टेबल उलटं पाडून पाय बसवले, मग सुलटं करून खालचं बटण दाबून धरलं. हे रीसेट केल्याशिवाय डिस्प्लेवरचे आकडे बरोबर येत नाहीत म्हणाले. टेबल संथ घरघरत उतरलं, टक्क करून अडलं आणि स्वतःच थोडं वर सरकलं. खाली माझं ड्रॉवरचं कपाट होतं! ते बाजूला काढलं, तर खुर्चीचे हात आडवे आले. तेही खाली घेतले. वर जाताना मॉनिटरची केबल ताणली गेली, म्हणून आयटीवाल्याने लांब आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सगळा फ्लोअर बटणं दाबायला हजर. या मोटरींना सलग दोनेक मिनिटं चालल्यावर बराच वेळ विश्रांती लागते. शेवटी टेबलानेच संप पुकारला, तेव्हा गर्दी पांगली.

आता सहा फुटांच्या एका सहकाऱ्यालाही हवंय. त्याचं दुखणं उलटं. पूर्ण वर गेल्यावर टेबल डुगडुगतं का, हे त्याने शोरूममध्ये हाताने हलवून बघायला हवं. कोटेशन्स त्यालाही तीनच लागणार आहेत.