दुपारी दोन ते पाच: थायलंडची बाटली आणि नाशिकचा वाद

थायलंडमध्ये दुपारी दोन ते पाच दारू विकायची नाही हा नियम १९७२ चा. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा, लष्करी राजवटीत काढलेला, आणि कारण जो तो हेच सांगतो की सरकारी बाबू दुपारी जेवायला म्हणून बाहेर पडायचे आणि मग टेबलावर परत दिसायचेच नाहीत. त्यामुळे विक्री सकाळी अकरा ते दोन आणि मग संध्याकाळी पाच ते रात्री बारा, बास. बाबू रिटायर झाले, लष्कर गेलं, परत आलं, परत गेलं, नियम परवापरवापर्यंत तिथेच. सेव्हन-इलेव्हनमध्ये (एकट्या थायलंडमध्ये त्यांची पंधरा हजार दुकानं आहेत, कुठल्याही गल्लीत शिरा, आहेच) दोन वाजून एक मिनिटाने बिअरचा कॅन घेऊन काउंटरला गेलात तर मशीन बिलच करायचं नाही, पोरगी छान हसायची, मान हलवायची आणि कॅन बाजूला ठेवायची. आणि त्याच दुकानामागच्या बोळात एखाद्या आजीचं घरगुती दुकान असतं, तिथे घड्याळच नसतं!

मी फुकेतला एका हॉटेलात आहे, इंडियन वेडिंग्जचं काम बघते, म्हणजे हळदीला किती किलो झेंडू लागतो इथपासून वरातीला बारा वाजता ढोल बंद करा हे मुलाच्या काकांना समजावून सांगण्यापर्यंत सगळं. त्यामुळे कोणाला दारू कधी द्यायची, कधी नाही, कुठल्या हॉलमध्ये चालते आणि कुठल्या लॉनवर नाही, हे माझ्या रोजच्या पोटापाण्याशी संबंधित आहे. सध्या सुट्टीवर नाशिकला आलेय, संक्रांतीचं तिळगूळ खाऊन झालं, आणि यावेळी भलताच योग आला कारण १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान, २०१७ नंतर पहिल्यांदाच, म्हणजे मतदानासाठी ड्राय डे आणि मतमोजणीला परत ड्राय डे. गंगापूर रोडला आमच्या घरी दिंडोरीहून मामा-मामी आलेले, मामेभाऊ आणि त्याचे दोन मित्र आलेले, बाहेर सगळं बंद, थंडी मरणाची, आणि विषय निघाला फुकेतचा कारण मामेभावाची गॅंग फेब्रुवारीत येतेय. मग काय, रात्री दीडपर्यंत चाललं.

तर आधी जे झालं ते सांगते, कारण व्हॉट्सॲपवर त्याचं पार खोबरं झालंय. ८ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे दारूचा सुधारित कायदा लागू झाला. आधी कसं होतं, चुकीच्या वेळेला विकलं तर दुकानदार अडकायचा. आता पिणारा पण अडकणार, दंड १० हजार बाथ किंवा त्याच्या वर, म्हणजे आपले २५ हजार रुपयांपेक्षा जास्त. आता विचार करा, कोणीतरी जर्मन आजोबा एक एकोणसाठला बिअर मागवतात, वेटर आणून देतो, सगळं कायदेशीर, आणि दोन वाजून पाच मिनिटांनी ग्लासात अर्धी बिअर शिल्लक आहे आणि आजोबा निवांत समुद्र बघतायत. गुन्हा! हॉटेलं, एअरपोर्ट, लायसन्सवाले बार, टुरिस्ट भागातल्या ठराविक जागा यांना सूट होती, म्हणून आमच्यासारख्यांना काही फरक पडला नाही, पण बीचवरच्या छोट्या रेस्टॉरंटवाल्यांची वाट लागली, गिऱ्हाइकाच्या हातातला ग्लास काढून कसा घ्यायचा हो. इतका आरडाओरडा झाला की महिन्याच्या आत सरकारने माघार घेतली आणि ३ डिसेंबरपासून दोन ते पाचची बंदी १८० दिवसांसाठी उठवली, चाचणी म्हणून. म्हणजे त्या चाचणीत सकाळी अकरापासून मध्यरात्रीपर्यंत सलग विक्री.

मामेभाऊ म्हणाला, "बरोबरच आहे ना, टुरिझमवर चालणारा देश आहे, टुरिस्टला नाही कसं म्हणणार?"

हे वाक्य मी तिथे पण रोज ऐकते. मंत्री म्हणतात, बारवाले म्हणतात, हॉटेलवाले (आम्ही) म्हणतो. पण जरा आकडे बघा. थायलंडला सगळ्यात जास्त पर्यटक आले २०१९ ला, जवळपास ४ कोटी. तेव्हा दोन ते पाच बंदी होती का? होती. बुद्ध पौर्णिमेला दारू बंद होती का? होती. आले ना ४ कोटी लोक. मग कोविडमध्ये २०२१ ला साडेचार लाखांच्या पण खाली गेले, ते काय दारूमुळे नव्हतं. २०२४ ला साडेतीन कोटींवर परत आले, त्यात आपले भारतीयच २० लाखांच्या वर, व्हिसा माफ झाला म्हणून. आणि २०२५ ला आकडा परत घसरला तो चिनी लोक आले नाहीत म्हणून, वर्षाच्या सुरुवातीला एका चिनी नटाला थायलंडमधून पळवून म्यानमारमध्ये नेलं त्या बातमीने ते घाबरले. दुपारची बिअर मिळत नाही म्हणून फुकेत रद्द करून दुसरीकडे गेलो असं सांगणारा एक माणूस मला अजून भेटायचाय. वैतागलेले भेटतात, भरपूर भेटतात, पण वैतागून ते पूलमध्ये जातात आणि पाच वाजता परत येतात.

मामा द्राक्षवाले, त्यातली काही वाईनची. त्यांचं म्हणणं सरळ असतं, "विकायला देत नाहीत आणि मग म्हणतात शेतकरी कर्जात का?" त्यांना २०२२ चं अजून दुखतं. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की शंभर चौरस मीटरच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवता येईल, अण्णा हजारे उपोषणाला बसतो म्हणाले, आणि तो निर्णय जो फाईलीत गेला तो गेलाच. मी त्यांना सांगितलं की थायलंडने २०२४ मध्ये वाईनवरचं आयात शुल्कच काढून टाकलं, टुरिस्ट खर्च करतील म्हणून, तर म्हणाले, "मग आमची बाटली तिकडं ने की, तुझ्या लग्नांत वाट." (मामा, वधूपक्ष इटालियनच मागतो, काय करू.)

पण वादात खरी मजा आली ती मामी बोलायला लागल्या तेव्हा. मामी आमच्या घरात सगळ्यात कमी बोलतात. त्यांच्या गावात देशी दारूचं दुकान बंद पाडलंय बायकांनी, आडवी बाटली करून. बाहेरगावच्या पोरांसाठी सांगते, आपल्या महाराष्ट्रात ही सोय आहे की गावातल्या पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. थायलंडमध्ये हे सांगितलं की माझ्या ऑफिसमधले लोक डोळे मोठे करून ऐकतात.

मामेभाऊ लगेच, "काय उपयोग मामी, बंद केलं की ढाब्यावर मिळतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारू बंद केली आणि २०२१ ला परत चालू केली, हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नको म्हणून सुप्रीम कोर्टाने सांगितलं तर सरकारांनी रस्त्यांचीच नावं बदलली." (तो त्यांना मामी का म्हणतो माहीत नाही, त्याची आईच आहे ती, पण सगळ्या घराने मामी म्हटलं की तोही म्हणतो.)

मामी म्हणाल्या, "मिळते की. पण ढाबा चार किलोमीटर आहे. आमचं दुकान शाळेच्या वाटेवर होतं आणि आठवड्याची मजुरी हातात पडायची संध्याकाळी सहाला, ते दुकान उघडं असायचं रात्री दहापर्यंत. सहा ते दहा, तेवढेच चार तास वाईट होते गं. दुपारी कोण पितंय आमच्यात? दुपारी सगळे बागेत असतात."

मी तिथे थांबले जरा. कारण फुकेतमध्ये इतकी चर्चा ऐकली, वर्तमानपत्रं वाचली, पण हा हिशोब कोणी मांडत नाही की कुठला तास कोणासाठी वाईट. १९७२ चा तास बाबूसाठी होता. तो गेला तर गेला, मला काही वाईट वाटत नाही, त्याने फक्त सेव्हन-इलेव्हनच्या पोरीचं काम वाढत होतं. पण त्याच टुरिस्टचं नाव सांगून डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉक, फुकेत, चियांग माई, पट्टायावाला चोनबुरी आणि कोह समुई इथल्या नाइट क्लबना पहाटे चारपर्यंत परवानगी दिली, त्यावर एवढा आरडाओरडा झालाच नाही. आणि तो तास खरा वाईट आहे.

पातोंग माहीत असेल, फुकेतचा तो बांगला रोड, सगळे बार तिथेच. पातोंगमधून बाहेर पडायचं तर डोंगर चढून उतरावा लागतो, आपल्या घाटासारखी वळणं, आणि तीव्र उतार. आमच्या हॉटेलातल्या हाउसकीपिंगच्या, किचनच्या मुली रात्रपाळी संपवून स्कूटरने त्याच रस्त्याने घरी जातात, आणि समोरून येतो उघडा टुरिस्ट, भाड्याची स्कूटर, हेल्मेट नाही, कदाचित लायसन्स पण नाही, आयुष्यात पहिल्यांदाच दुचाकी चालवतोय आणि वर प्यालेला. थायलंडमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांचं प्रमाण जगातल्या वरच्या देशांत आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने लाखामागे साधारण २५, आपल्यापेक्षाही बरंच जास्त, आणि त्यातले चारातले तीन दुचाकीवाले. नवीन वर्ष आणि सोंगक्रानच्या (एप्रिलमधलं थाई नववर्ष) आठवड्याला ते लोक अधिकृतपणे 'सात धोक्याचे दिवस' म्हणतात, रोज टीव्हीवर मेलेल्यांचा आकडा येतो, क्रिकेटचा स्कोअर यावा तसा. कारणांत वेग आणि दारू, दरवर्षी हेच दोन.

रात्रीच्या तासाने फरक पडतो हे काही मी मनाचं सांगत नाही. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल नावाचं शहर आहे, तिथे २००८ मध्ये पहाटे पाचला बंद होणारे पब साडेतीनच्या आसपास बंद करायला लावले, तर रात्रीच्या मारामाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त कमी झाल्या. दीड तासात! धंदा बुडेल म्हणून पबवाले तिथेही ओरडले होतेच.

आता कोणी म्हणेल तू हॉटेलवाली, तुमचं काय जातंय, तुम्हाला तर सूट. खरंय. आणि मला तेच खटकतं. सूट नेहमी वरच्यांना. बौद्धांचे पाच मोठे दिवस तिथे पूर्ण दारूबंद असायचे, त्यात बुद्ध पौर्णिमा आली, आषाढ पौर्णिमा आली, वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा मुक्काम) सुरू होतो तो दिवस आणि संपतो तो दिवस. २०२५ पासून त्या दिवशी पण हॉटेलात, एअरपोर्टवर, लायसन्सच्या बारमध्ये मिळते, साध्या दुकानात नाही. म्हणजे माझ्या पाहुण्याला बुद्ध पौर्णिमेला शॅम्पेन मिळणार आणि त्याची बस चालवणाऱ्या ड्रायव्हरला घरी न्यायला एक कॅन मिळणार नाही. ड्रायव्हरला मिळावी असं मला वाटतंय असं नाही. पण पंचशील म्हणजे पंचशील ना? आपल्या त्रिरश्मी लेण्यांवर पौर्णिमेला लोक जे नशा न करण्याचं पाचवं शील म्हणतात तेच तिथले लोक म्हणतात, अगदी त्याच पालीत, त्यात कुठे 'फोर स्टार आणि वर वगळून' असं नाहीये.

बाकी वर्षावासात दारू सोडायची मोहीम तिथे छान चालते, सरकारी आरोग्य निधी ती चालवतो, आणि तो निधी येतो दारू-सिगारेटवरच्या जादा करातून, २ टक्के. तीन महिने खरंच सोडतात लोक. गटारी असते का म्हणून मामेभावाच्या मित्राने विचारलं. आदल्या रात्री गर्दी असते म्हटलं, नाव नाहीये फक्त.

बाबांनी मध्येच सिंहस्थ काढला. २०२७ ला एवढे लोक येणार, रस्ते सगळे खोदून ठेवलेत, तपोवनातल्या झाडांवरून भांडणं झाली, आणि दुसऱ्या बाजूला शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्या गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनरीत. नाशिक दोन्हीवर जगतं, रामकुंडावर पण आणि त्या वाईन टेस्टिंगवर पण. बाबांना वाटतं कुंभात सगळं सरसकट बंद ठेवावं. मामांना वाटतं वाईनरीला सूट द्यावी, कारण ती पंचवटीपासून लांब आहे. मामी म्हणाल्या, सूट द्यायची का ते ठरवा, पण संध्याकाळी त्या धरणावरून गाड्या परत निघतात तेव्हा रस्त्यावर पोलीस उभे करा. परत तासावर आल्या बघा. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, थायलंडमध्ये ५०, म्हणजे कागदावर आपण जास्त कडक.

मी फुकेतला गेल्यावर आमच्या जनरल मॅनेजरला एक गोष्ट विचारणार आहे, रात्रपाळी सुटणाऱ्या मुलींसाठी पहाटे पातोंगच्या बाहेरपर्यंत व्हॅन. गेल्या वेळी बजेट नाही म्हणाले. आता दुपारची विक्री खुली झालीय तर बीच बारची कमाई वाढलेली असणार, बघू काय म्हणतात.

आणि येणाऱ्यांसाठी, मामेभाऊ वाचतोयस ना: थायलंडची पण निवडणूक आहे, ८ फेब्रुवारी २०२६ ला, रविवारी. आदल्या संध्याकाळी सहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत दारूविक्री बंद, देशभर, टुरिस्ट असलात तरी. तुमची तिकिटं नेमकी ६ तारखेची आहेत. शनिवारी दुपारी दोन ते पाच मात्र मिळेल.