नदीकाठच्या कुजक्या ओंडक्यांवरची बुरशी : माझा अनुभव

कराडच्या वर कोयनाकाठी आणि खाली सांगलीपर्यंत कृष्णाकाठी उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज अशी जी झाडी उरली आहे, तिथे मी लाकूड कुजवणाऱ्या बुरशींची नोंद करतो. आधी लाकूड नोंदवायचं, मग बुरशी. नुसत्या बुरशी मोजत गेलं, तर कशावर काय उगवत नाही हे कळतच नाही.

काठाला समांतर 50 मीटर लांब, 10 मीटर रुंद पट्टा दोरीने आखतो. त्यातलं 5 सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक मेलेलं लाकूड वहीत जातं, बुरशी नसली तरी. झाडाची जात, घेर, साल आहे की गळाली, चाकूचं पातं किती आत शिरतं, एवढं लिहायचं.

सगळ्यांत डोकेदुखी म्हणजे पुरात वाहून आलेले ओंडके. साल घासलेली, फांद्यांत पाचट आणि प्लास्टिक अडकलेलं असेल, तर तो बहुधा बाहेरचा. त्यावरची बुरशी वरच्या खोऱ्यातूनच आलेली असू शकते. त्यामुळे वहीत त्याचा रकाना वेगळा. हे केलं नाही तर पूर ओसरल्यावर एकाच काठाची विविधता उगाच फुगते.

मग कूज बघायची. लाकूड फिकट, तंतुमय, बोटांनी सोलता येण्याजोगं झालं की पांढरी कूज : लिग्निनही (लाकडाला ताठपणा देणारा घटक) खाल्लं गेलेलं असतं. तपकिरी होऊन चौकोनी तडे गेले, चिमटीत भुगा झाला, की तपकिरी कूज : सेल्युलोज (लाकडाचे तंतू ज्याचे बनतात ते) गेलं, लिग्निन बरंचसं उरलं. आपल्याकडच्या रुंदपानी झाडांवर पांढरीच जास्त.

शिझोफायलम खालच्या चिरलेल्या पट्ट्यांवरून आणि पिक्नोपोरस शेंदरी रंगावरून लांबूनही ओळखू येतात. काळी, गोळ्यासारखी डाल्डिनिया कापली की आत वलयं दिसतात. फेलिनसच्या कुळातल्या तपकिरी, टणक बुरशींवर 5 टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (तीव्र अल्कलीच्या) द्रावणाचा थेंब टाकला की डाग काळा पडतो. (फणसावरचा औषधी फणसांबा याच गटातला.) द्रावण कातडी भाजतं, हातमोजे हवेतच.

फोटो खालच्या बाजूचाही काढायचा. नुसत्या वरच्या फोटोवरून ट्रॅमेटिस आणि हेक्सागोनिया या खालून छिद्रं असलेल्या बुरशींत गफलत होते. दहापट भिंगातून एका मिलिमीटरमध्ये किती छिद्रं आहेत ते तिथेच मोजतो, कारण वाळल्यावर कडा आक्रसतात.

नमुना थोड्या लाकडासकट कापून कागदी पिशवीत ठेवतो. प्लास्टिकमध्ये ओलसर नमुन्यावर संध्याकाळपर्यंत दुसरीच बुरशी चढते. 40 ते 45 अंशांवर कडक होईपर्यंत वाळवून उणे 20 अंशांवर आठवडाभर ठेवायचा. नाहीतर आतले भुंगेरे पेटीत त्याचं पीठ करतात. कोयना अभयारण्य किंवा चांदोलीच्या हद्दीत मात्र वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काही उचलायचं नाही.

बीजाणू मोजूनही नाव पटलं नाही, तर वहीत ‘ट्रॅमेटिस 2’ लिहितो आणि पाकीट जपून ठेवतो. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा संग्रह आहे, तिथल्या नमुन्यांशी ते ताडून बघता येतं.