दोघांचं जाणं, एकेकाचं शिकणं : झांबियातलं प्रशिक्षण

पीस कॉर्प्स म्हणजे स्वयंसेवकांना परदेशी कामाला पाठवणारी अमेरिकन सरकारची संस्था. तिथे नवरा-बायकोला एकत्र अर्ज करता येतो, पण निवड एकेकाची होते. दोघंही आपापल्या कामासाठी पात्र ठरावी लागतात आणि एकाच परिसरात दोघांना पुरेल असं काम असावं लागतं. त्यामुळे जोडप्याला देश निवडायला वाव कमी. वयाची वरची मर्यादा नाही. अमेरिकन नागरिकत्व मात्र लागतं, म्हणून हे टिपण मुख्यतः तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींसाठी. सेवा 27 महिन्यांची असते आणि त्यातले पहिले साधारण तीन महिने प्रशिक्षणाचे. आम्ही झांबियात आलो मत्स्यशेती आणि आरोग्य अशा दोन वेगळ्या कामांवर.

कामं वेगळी असली तर प्रशिक्षणाची गावंही वेगळी असू शकतात आणि तेवढे महिने दोघांना दोन यजमान घरी राहावं लागू शकतं. हे अर्ज करतानाच विचारून घ्या. एकाच घरी राहायला मिळालं तर सोयीचं खरं, पण भाषेच्या दृष्टीने तोट्याचं. दार लावलं की मराठी सुरू होते आणि दिवसभर कानावर पडलेली बेंबा, म्हणजे इथली स्थानिक भाषा, तिथेच विरते. त्याहून वाईट म्हणजे कामाची वाटणी. ज्याला भाषा लवकर येते तो बोलतो, दुसरा मान हलवतो. एकजण सायकल बघतो, दुसरी चूल. संसारात हे शहाणपण असेल, पण प्रशिक्षणात आधी हेच मोडायला लागतं, कारण पुढे एकजण जिल्ह्याच्या गावी गेला किंवा तापाने पडला की दुसऱ्याला सगळं एकट्याने निभवायचं असतं.

भाषेची परीक्षा तोंडी असते आणि एकट्यानेच द्यायची. गप्पा मारल्यासारखे प्रश्न येतात, मग एखादा प्रसंग देतात: बाजारात भाव करा, गावच्या मुखियाकडे सभेची परवानगी मागा. पाठ केलेली वाक्यं लगेच उघडी पडतात. अपेक्षा साधारण इंटरमीडिएट पातळीची. बेंबात नामांचे गट आहेत आणि क्रियापदाला, विशेषणाला त्या गटाचा उपसर्ग लागतो: उमुन्तु म्हणजे माणूस, अबन्तु म्हणजे माणसं. तक्ते पाठ करत बसण्यापेक्षा घरातल्या वीसेक वस्तूंची नावं एकवचन-अनेकवचनासकट रोज बोललेली बरी. मोठ्या माणसाला 'बा' लावून अनेकवचनात बोलायचं, हे अहो-जाहो करणाऱ्यांना शिकवावं लागत नाही. यजमान बाईंना बामायो, त्यांच्या नवऱ्याला बाताता. कुणाच्या अंगणात शिरताना 'ओदी' म्हणून थांबायचं, आतून 'कालिबू' आलं की पुढे जायचं.

जेवण म्हणजे ऊब्वाली. देशभर एन्शिमा म्हणतात तीच, पांढऱ्या मक्याच्या पिठाची. आधी थोड्या पिठाची पातळ पेज शिजू द्यायची, मग मूठमूठ पीठ घालत लाकडी उलथन्याने घोटायचं. सगळं पीठ एकदम घातलं की आत कोरड्या गाठी राहतात. हाताने खायचं, पण भातासारखं कालवायचं नाही: उजव्या हातात गोळी वळून अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात कालवण उचलायचं. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, आणि 'मांस खात नाही' एवढ्यावर थांबू नका. कापेन्ता ही सुकवलेली बारीक मासळी मांसात धरली जात नाही. कोंबडी, कापेन्ता, सुरवंट, सगळं नाव घेऊन सांगावं. पोटभरीचा आधार इफिसाशीचा. भोपळ्याच्या पानांच्या देठांचे धागे सोलून काढायचे, पानं चिरायची आणि शेंगदाण्याच्या कच्च्या कुटात शिजवायची. कूट भाजलेलं नसतं, त्यामुळे दाण्यांचा कच्चेपणा जाईपर्यंत मंद आचेवर ठेवावं लागतं. मुगाच्या आमटीची आठवण काढणाऱ्यालाही हे आवडतं.

पाणी आधी उकळायचं, मग सिरॅमिक कांडीच्या गाळणीत ओतायचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. कांडीवर गाळ बसला की धार मंदावते. मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासायची, साबण लावायचा नाही. हातातून पडली आणि बारीक तडा गेला तर पाणी उलट झरझर येऊ लागतं आणि माणूस खूश होतो. तसं झालं की कांडी बदला.

मलेरियाच्या गोळ्या दोघांच्या वेगळ्या असू शकतात, त्यामुळे एकमेकांच्या आठवणीवर विसंबू नका. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घ्यायची असते आणि काहींना तिने फार भयंकर स्वप्नं पडतात. डॉक्सिसायक्लिन रोजची, उन्हाने कातडी पटकन भाजते आणि गोळी घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत जळजळ होते. म्हणून ती जेवणाबरोबर, भरपूर पाण्याने. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायचीच.

कपड्यांना इस्त्री करावी लागते, ती पुत्सी माशीसाठी. ही माशी सावलीत वाळणाऱ्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते आणि कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरून गळू होतं. कोळशाच्या इस्त्रीने शिवणी, कमरेचं इलॅस्टिक आणि आतले कपडे नीट शेकवावेत. नेमके आतले कपडेच लाजेकाजेस्तव घरात अंधारात वाळत घातले जातात. वर चितेंगे (बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड) टाकून का होईना, उन्हात घाला.

सायकल प्रत्येकाला वेगळी मिळते, हेल्मेट सक्तीचं. मोटरसायकलवर बसायची परवानगी नाही, मागेसुद्धा नाही. पंक्चर काढताना ट्यूबचं भोक सापडलं की लोक खूश होऊन ठिगळ लावतात आणि टायरमधला काटा विसरतात. मैलभरात पुन्हा हवा जाते. टायर आतून बोटांनी चाचपायचा, काटा काढायचा, ट्यूब घासून खडबडीत करायची, सोल्युशन लावून ते कोरडं होईपर्यंत थांबायचं. ओल्यावर ठिगळ लावलं तर उन्हात सुटतं.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त घाम निघतो तो तळ्यावर. नमुन्याचं तळं 10 बाय 15 मीटरचं. आधी माती: ओल्या मातीचा गोळा वर फेकून झेलायचा, फुटला तर चिकणमाती कमी. मग कंबरभर खड्डा खणून सकाळी पाण्याने भरायचा, संध्याकाळी पुन्हा भरून पाल्याने झाकायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. बहुतेक पाणी टिकलं तर जागा चालेल. कोपरे काटकोनात आणायला दोरीवर 3, 4 आणि 5 मीटरचा त्रिकोण. उथळ टोक 70 ते 80 सेंटिमीटर, खोल टोक मीटरभर किंवा थोडं जास्त. बांध घालण्याआधी गवत मुळासकट काढून टाकायचं, कारण बांधात पुरलेली मुळं कुजली की तिथून पाण्याला वाट मिळते आणि तळं गळायला लागतं. माती वीसेक सेंटिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर धुमसायचा. शेवटी वरून एकदाच बडवून चालत नाही.

कोपऱ्यात काठ्यांचं कुंपण करून त्यात गवत आणि शेण भरायचं. जागा तळ्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी. रोज ढवळलं की पाणी हिरवं होतं, आणि तेच माशांचं खाणं. हात पाण्यात बुडवायचा. कोपर बुडताना बोटं दिसेनाशी झाली तर पाणी तयार. मग चौरस मीटरला दोन या हिशोबाने तिलापियाची 300 पिल्लं सोडायची. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी पडतोय: शेण बंद करा, ताजं पाणी सोडा. उत्साही माणसाच्या तळ्यात हे हमखास होतं, कारण त्याला शेण जास्त घालायची घाई असते. सहा महिन्यांनी जाळं टाकायचं.

आरोग्याच्या कामावर असलेल्यानेही एकदा फावडं हातात घ्यावं आणि मत्स्यशेतीवाल्याने दवाखान्यातल्या वजनकाट्यापाशी एक सकाळ उभं राहावं. गावात लोक दोघांना एकच घर समजतात आणि तळ्याचा प्रश्न आरोग्यवालीला विचारतात.

प्रशिक्षण संपताना स्वयंसेवक म्हणून शपथविधी होतो, त्यानंतर गावात पहिले तीन महिने नवं काही सुरू करायचं नसतं. घरोघरी जायचं, ऐकायचं. जायच्या आधी घरासाठी मिळालेल्या पैशांत खरेदी होते. जोडप्याने शेगडी एकच घ्यावी, पण बादल्या चार: पिण्याची, अंघोळीची, भांड्यांची आणि कपड्यांची. डोक्यावर पाणी आणायला झाकणाचा डबा बरा, वाटेत सांडत नाही.